तीन महिन्यांची पाहुणी

दारी आलेल्या पाहुण्याला फराळाचे ताट नुसते दाखवायचे, चकलीचा खमंग वास घेऊ द्यायचा आणि ताट पुन्हा आत नेऊन ठेवायचे, असे आपल्याकडे कुणी केले तर त्याची गावभर नाचक्की होईल. पण अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांनी हाच उद्योग वर्षानुवर्षे मोठ्या थाटात केला. नाचक्की तर राहोच, लोक ते ताट पाहायला रांगा लावून येत होते!

या न विकायच्या गाड्यांना तिकडे ‘ड्रीम कार’ म्हणत. म्हणजे स्वप्नगाडी. नाव प्रामाणिक होते. स्वप्नात मिळालेले सकाळी उशाशी सापडत नाही, हे त्यात आधीच सांगून टाकलेले होते.

या प्रकाराचा मूळपुरुष हार्ले अर्ल. वडिलांचा लॉस एंजेलिसला घोडागाड्या बांधण्याचा कारखाना. पुढे तिथेच सिनेनटांच्या मोटारींना हौसेचे साज चढू लागले. तिथला हा मुलगा 1927 साली जनरल मोटर्समध्ये शिरला आणि मोटार ही नुसती धावून भागत नाही, ती दिसायलाही हवी, हे त्याने इंजिनियर मंडळींच्या गळी उतरवले. आपला मूर्तिकार शाडूचा गणपती घडवतो, तशा तो मोटारी आधी मातीत घडवून पाही. 1938 साली त्याने ‘ब्यूक वाय-जॉब’ नावाची गाडी केली. दिवे पापण्या मिटल्यासारखे आत जाणारे, काचा विजेवर खालीवर होणारे. अशी गाडी एकच झाली, आणि ती अर्लसाहेब स्वतःच वापरत! पहिली स्वप्नगाडी म्हणून तिचेच नाव घेतात.

युद्ध संपले, अमेरिकेच्या हाती पैसा खेळू लागला आणि या स्वप्नांची जत्रा भरू लागली. जनरल मोटर्सच्या जत्रेचे नाव ‘मोटोरामा’. 1951 च्या ‘ल साबर’ गाडीत अशी योजना होती की, पावसाचा थेंब पडताच टप आपोआप वर यावा. 1953 ची ‘फायरबर्ड’ तर मोटार म्हणावी की चाके लावलेले जेट विमान, असा प्रश्न पडे. 1958 साली फोर्डने ‘न्यूक्लिऑन’ मांडली. ती म्हणे अणुशक्तीवर चालणार होती! प्रत्यक्षात झाला तो तिचा फक्त छोटा नमुना. शेजारच्या बिऱ्हाडाने अंगणात अणुभट्टी उभी करून ठेवली आहे, ही कल्पना पुढे कुणाला मानवली नाही, हे बरेच झाले.

क्वचित एखादे स्वप्न खरेही होई. 1953 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात शेवरोलेची ‘कॉर्व्हेट’ मांडली आणि जूनअखेर ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. त्या साली झाल्या अवघ्या 300. सगळ्या पांढऱ्या, आत लाल, अंग फायबरग्लासचे. आपल्याकडे ज्या इम्पालाच्या थाटाचे एके काळी केवढे कौतुक होते, तिचे नावदेखील आधी 1956 च्या मोटोरामातल्या एका स्वप्नगाडीला दिलेले होते.

पण बहुतेकींच्या नशिबी जत्रा संपल्यावरची अडगळ आली. क्रायस्लरची ‘नॉर्समन’ तर जत्रेपर्यंतही पोचली नाही. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांबच काढून टाकलेली ही गाडी इटलीत तुरीनच्या घिया कारखान्यात बांधली, आणि ‘आंद्रेआ डोरिया’ जहाजातून अमेरिकेला धाडली. 25 जुलै 1956 च्या रात्री त्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, आणि सकाळी ते बुडाले. गाडी अजून अटलांटिकच्या तळाशी आहे. त्याच घियाने बांधलेल्या लिंकनच्या ‘फ्यूचुरा’चे दैव निराळे. अडीच लाख डॉलर खर्चून 1955 साली मिरवलेली ती गाडी पुढे एका कारागिराने एका डॉलरला घेतली. 1966 साली तिचीच ‘बॅटमोबिल’ होऊन ती टेलिव्हिजनवर घरोघर पोचली, आणि 2013 साली लिलावात चाळीस लाख डॉलरांच्या वर गेली!

या साऱ्या कथांत मला चटका लावते ती मात्र क्रायस्लरच्या टर्बाइन गाडीची. हे तेच क्रायस्लर, ज्यांच्या डॉज आणि प्लिमथ वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, मुंबईला कुर्ल्यात, 1947 पासून तयार होऊ लागल्या.

ही गाडी नुसती चौथऱ्यावर मांडून ठेवली नाही, लोकांच्या अंगणात नेऊन उभी केली. रंग तांब्याचा, अंग पुन्हा घियाचेच, आणि आत विमानासारखे टर्बाइन इंजिन. साध्या इंजिनात दट्टे खालीवर होतात, इथे नुसती पाती फिरत; म्हणून झिजणारे भाग थोडे, पाण्याची टाकी नाही, थरथर नाही. रॉकेल घाला, डिझेल घाला, शेंगदाण्याचे तेल घाला, ती चालत असे. मेक्सिकोत तिला टकीला पाजली आणि पॅरिसला अत्तर! मौज अशी की, तिला वर्ज्य होते ते तेव्हा प्रत्येक पंपावर मिळणारे शिसे घातलेले पेट्रोल. शिशाची पुटे पात्यांवर बसत.

अशा 50 गाड्या 1963 च्या अखेरीपासून 203 कुटुंबांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. भाडे नाही, दुरुस्तीचा खर्च नाही, इंधन तेवढे आपले. हजारोंनी अर्ज केले होते. ज्यांची निवड झाली त्यांच्या घरी काय उत्सव झाला असेल! शेजारीपाजारी जमायचे, पेट्रोलपंपावर गर्दी व्हायची, मुलांच्या शाळेत भाव वधारायचा. तक्रारी होत्याच. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करी आणि मग निघे. इंधनही जास्त खाई. पण माहेरी आलेल्या लेकीचे खाणे कोण मोजतो?

तीन महिने झाले की कंपनीचा माणूस येई आणि किल्ली घेऊन जाई.

1966 च्या जानेवारीत प्रयोग संपला. काहींना ती विकत हवी होती, मिळाली नाही. पाच नमुने धरून एकंदर 55 गाड्या होत्या. त्यातल्या 46 भंगारात नेऊन जाळल्या आणि यंत्राखाली चेपून टाकल्या. कारण सांगतात ते असे की, परदेशी बांधणीवर जकात भरावी लागली असती. आणि दुसरे, दुरुस्तीविना भटकणाऱ्या गाड्यांनी कंपनीचेच नाव खराब केले असते. हिशेबाच्या वहीत दोन्ही कारणे बिनचूक बसतात. नऊ तेवढ्या वाचल्या. त्यांतली एक डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून दिली असती. पण 1996 साली जनरल मोटर्सने ‘ईव्ही-1’ ही विजेवरची गाडी काढली. ती विकत नव्हे, फक्त भाडेकराराने मिळे. एकंदर 1,117 झाल्या. पुढे कंपनीने त्या परत मागवल्या. वापरणारे म्हणाले, आम्ही पैसे देतो, गाडी द्या. 2005 साली बरबँकला कंपनीच्या आवाराबाहेर माणसांनी दिवसरात्र पहारा केला. तरी बहुतेक गाड्या चेपल्याच. थोड्या संग्रहालयांना मिळाल्या, त्याही बहुतेक मुक्या करून.

टर्बाइनचे स्वप्न चुकीचे ठरले, तशी मोटार आज कुठल्या दुकानात मिळत नाही. विजेचे स्वप्न खरे निघाले. आपल्या गल्लीतसुद्धा हिरव्या पाटीची गाडी आवाज न करता शेजारून जाते आणि आपण दचकतो. पण चेपणाऱ्या यंत्राला खऱ्या-खोट्याशी कर्तव्य नसते. प्रयोग फसला याचा राग धरू नये. फसण्याची तयारी नसेल त्याने प्रयोगच करू नये. मात्र ज्या घरात आपण होऊन पाहुणी धाडली, त्या घराला तिचा लळा लागणार, एवढे तरी धाडणाऱ्याने हिशेबात धरावे. वहीत त्यासाठी रकाना नसेल, तर तो आखून घ्यावा.

आज आपल्याकडे ताटे येतील आणि जातील. आलेले ताट रिकामे परत पाठवू नये, अशी आपली जुनी रीत आहे. ती घालून देणाऱ्या आजीबाईने मोटारीचा कारखाना काढला असता, तर निदान त्या 203 घरांना एकेकदा विचारले तरी असते: ‘‘बाई गं, ठेवून घेतेस का?’’