गाळ निघाला, पण आराखड्याच्या टेबलावर चिपळूणकर कुठे आहे?

पावसाळा तोंडावर आला की चिपळुणात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गाळ किती काढला? आणि यंदा पाणी भरणार का? दोन्ही रास्त आहेत. तिसरा मात्र फारसा कोणी विचारत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा. पूर कमी करण्यासाठी काय करायचं हे ठरवतं कोण, आणि ते ठरतं तेव्हा आपल्यापैकी तिथे कोण बसलेलं असतं?

२२ जुलै २०२१ बद्दल नव्याने सांगायची गरज नाही. बाजारपेठेतले तळमजले बुडाले, कोविड रुग्णालयातले रुग्ण गेले, वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला, १८६४ पासूनच्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्याआधी २००५ चा जुलै होताच. म्हणजे सोळा वर्षांत एकाच गावाने दोनदा सगळं धुऊन पुन्हा मांडलं. ज्यांनी दोन्ही वेळा मांडलं, त्यांच्यापैकी काहींची तिसऱ्यांदा मांडायची ताकद उरलेली नाही. हे आकडेवारीत येत नाही, पण बाजारातून फेरी मारली की कळतं.

२०२१ नंतर एक चांगली गोष्ट घडली. लोक रडत बसले नाहीत. चिपळूण बचाव समितीच्या नावाखाली व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, निवृत्त माणसं, वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले. डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण झालं, ते महिनाभराच्या आसपास चाललं. मग शासन हललं, यंत्रणा नदीत उतरली, नाम फाउंडेशनची मशिनं आली, शिवनदी आणि वाशिष्ठीतला गाळ निघू लागला. लोक बसले म्हणून गाळ निघाला, हे ज्यांना आठवत नसेल त्यांना आठवण करून द्या.

पण नंतर काय झालं? आंदोलन संपलं आणि आपला सहभागही तिथेच संपला. पुढचं सगळं पुन्हा फायलींकडे गेलं. आणि आपण वर्षातून एकदा मे महिन्यात पुलावर उभं राहून पोकलेन मोजायचं काम स्वतःकडे घेतलं.

गाळ काढणं गरजेचं आहे, त्यावर वाद नाही. पण गाळ हा दरवर्षी परत येणारा पाहुणा आहे. सह्याद्रीच्या उतारावर झाडं तुटत राहिली, डोंगर खणले जात राहिले, की माती खाली येणारच. वरचं न थांबवता खालचं उपसत राहिलो, तर ठेकेदाराला कायमचं काम मिळेल आणि आपल्याला कायमची धाकधूक.

शिवाय चिपळूणचा पूर एका कारणाचा नाही. घाटमाथ्याचा पाऊस आहे. कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडून कोळकेवाडीत येतं आणि तिथून पुढे वाशिष्ठीत, तो एक विषय आहे. शहराच्या मधून जाणारी आणि वाशिष्ठीला मिळणारी शिवनदी आहे. मोठ्या नदीला फुगवटा आला की छोटीचं पाणी मागे फिरतं आणि गल्लीत शिरतं. खाली दाभोळची खाडी आहे, तिथली भरती आहे. २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाण जवळ होतं. वरून लोंढा आणि खालून भरती, मध्ये आपण. यात कोणत्या कारणाचा वाटा किती, हे तज्ज्ञांनीच सांगायचं. शासनाने मोडक समिती नेमून अभ्यासही करून घेतला. पण मला सांगा, त्यात काय म्हटलंय हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? नगरसेवकाला विचारा. आळीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला विचारा.

‘हे तांत्रिक काम आहे, लोकांना यातलं काय कळतं?’ हे वाक्य बैठकांचं वार्तांकन करताना मी अनेकदा ऐकलंय. कळतं, साहेब. पेठमापातल्या बाईला कळतं की पाणी आधी पुढच्या दारातून येतं की मागच्या पऱ्यातून. गोवळकोटच्या होडीवाल्याला कळतं की कुठलं बेट गेल्या दहा वर्षांत वाढलं आणि प्रवाह कुठे सरकला. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदाराला कळतं की २००५ ला पाणी चढायला किती तास लागले आणि २०२१ ला किती. संगणकावरच्या नकाशाला हीच माहिती हवी असते, आणि ती कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. इंजिनिअरचं गणित इंजिनिअरनेच करावं. पण त्या गणितात कोणते आकडे घालायचे, आणि कुठला भाग आधी वाचवायचा, हा प्रश्न एकट्या इंजिनिअरचा नाही.

पूररेषेचंच बघा. निळी रेषा म्हणजे सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराच्या नकाशावर या रेषा आल्या तेव्हा गावात खळबळ झाली, कारण घर बांधायचं, दुरुस्त करायचं, विकायचं, कर्ज काढायचं, सगळं त्या रेषेवर अडतं. विरोध झाला. होणारच होता. ज्या रेषेवर माझ्या घराचं भवितव्य ठरतं, ती कशी आखली हे मला कोणी समजावलंच नसेल, तर मी तिला विरोधच करणार. आधी बोलावलं असतं, तर निम्मा विरोध सूचनांमध्ये बदलला असता.

आता कायद्याची गंमत. गावाला ग्रामसभा आहे. खेर्डीतला माणूस ग्रामसभेत उठून प्रश्न विचारू शकतो. मोठ्या शहरांसाठी ७४व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या सांगितल्या, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तरच त्या बंधनकारक आहेत. २०११ च्या जनगणनेत आपण पंचावन्न हजारांच्या आसपास. म्हणजे आपण ना गावात, ना मोठ्या शहरात. त्यात २०२१ च्या अखेरीला नगर परिषदेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. नेमक्या ज्या काळात पुराबद्दलचे मोठे निर्णय झाले, त्या काळात आपल्याला विचारायला हक्काचा नगरसेवकसुद्धा नव्हता.

बाहेर काय चालतं ते एका उदाहरणाने सांगतो. केरळात कोट्टायम जिल्ह्यात मीनाचिल नावाची नदी आहे. डोंगरातून येते, खाली सपाटीला पसरते, आपल्यासारखीच चिडकी. तिथे नदीकाठचे लोक आणि शाळेतली मुलं पर्जन्यमापकं लावून पाऊस मोजतात, नदीची पातळी बघतात आणि एकमेकांना कळवतात. वरच्या गावात पाऊस किती झाला हे खालच्या गावाला लोकांकडूनच समजतं. यासाठी कोटींचा निधी लागत नाही. अलोरे, पोफळी, शिरगावपासून पेठमापापर्यंत आपल्याकडे शाळा कमी आहेत का?

आता थोडं आपल्याबद्दल, कारण सगळं सरकारवर ढकललं की पोस्टला लाइक मिळतात, पण पाणी थांबत नाही. पऱ्यांवर स्लॅब कोणी टाकले? सखल जागेत भराव टाकून प्लॉट कोणी पाडले, आणि ते स्वस्तात मिळाले म्हणून कोणी घेतले? नदीकाठी कचऱ्याच्या पिशव्या कोण भिरकावतं? माझा प्लॉट चार फूट उंच झाला, की ते चार फूट पाणी शेजाऱ्याकडे जातं. नियोजनात सहभाग मागायचा असेल तर ही चर्चाही टेबलावर येईल, आणि ती अवघड असेल. काही जणांना जागा सोडावी लागेल. त्यांना मोबदला काय, पर्यायी जागा कुठे, हे आधी ठरलं पाहिजे. गरिबाच्या झोपडीवर जेसीबी आणि मोठ्या भरावाकडे काणाडोळा, असा न्याय चालणार नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते पाच गोष्टी.

१. पुराबद्दलचे सगळे अहवाल आणि नकाशे सोप्या मराठीत, नगर परिषदेत आणि वाचनालयात लोकांना बघायला ठेवावेत.

२. दर प्रभागात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एक जाहीर सभा व्हावी. जलसंपदा, महसूल आणि नगर परिषद, तिघांचे अधिकारी एकत्र हवेत. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो.

३. नागरिकांची कायमस्वरूपी समिती असावी. तिच्यात व्यापारी असावेतच, पण भाडेकरू, नदीकाठच्या बायका, मच्छीमार, आणि वरच्या गावांतले शेतकरीसुद्धा हवेत.

४. गाळ कुठून काढला, कुठे टाकला, याचा हिशेब फलकावर लागावा. काठावर टाकलेला गाळ पहिल्या पावसात नदीतच जातो.

५. कोळकेवाडीचा विसर्ग, नदीची पातळी आणि भरतीची वेळ, तिन्ही माहिती एकाच संदेशात, रात्रीसुद्धा, मराठीत मिळावी.

यातलं काहीच अशक्य नाही. नगर परिषदेत आता निवडून आलेली माणसं बसली आहेत, त्यांना हे विचारायला सुरुवात करा.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घराच्या किंवा दुकानाच्या भिंतीवर २००५ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, तिथे तारखेसह रंगाची खूण करा आणि फोटो इथे कमेंटमध्ये टाका, आळीचं नाव लिहून. शंभर फोटो जमले तर तोच आपला पहिला नकाशा होईल. तो घेऊन प्रांताधिकाऱ्यांकडे आणि नगराध्यक्षांकडे जाऊ. कोण कोण येणार, तेही लिहा.