राहिलेले बरे की दुबार झालेले?

बँकेचे शटर खाली आले तरी संगणकांचा दिवस संपत नाही. दिवसभराच्या व्यवहारांचा मेळ, व्याजाची आकारणी, पगार आणि हप्त्यांच्या नोंदी, शेवटी बॅकअप. ही कामे रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने व्हावी लागतात आणि ती करणारा सर्व्हर मध्येच बंद पडला तरी व्हावी लागतात. या ‘तरी’पायी संगणकशास्त्राने गेली साडेचार दशके डोके शिणवले आहे. त्यातून यंत्रे वेळ पाळायला शिकली. पण काम झाले की नाही अशी शंका आली तर पुढे काय करायचे, हे आजही माणसालाच ठरवावे लागते आणि ते आधी ठरवले नसेल तर त्याची किंमत मोजावी लागते.

सुरुवात अगदी साधी होती. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ हा छोटा प्रोग्रॅम आला. एका फाइलीत कामांची यादी. प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने आणि पुढे आज्ञा. क्रॉन दर मिनिटाला यादी पाहायचा, वेळ जुळली की काम सुरू करायचा आणि विसरून जायचा. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली त्याची आवृत्ती जगभर पसरली. नेमक्या त्या मिनिटाला मशीन बंद असेल, तर त्या दिवसाचे काम बुडाले आणि ते बुडाल्याची नोंदही कुठे नाही. मशीन एकच होते आणि शेजारी ऑपरेटर बसलेला होता, तोवर हे खपून गेले.

मशीन शेकड्यांनी झाली तेव्हा पेच उभा राहिला. काम एकाच मशीनवर लावले, तर ते पडले की सगळेच ठप्प. दोघांवर लावले, तर तेच काम दोनदा. म्हणजे ‘आत्ता जबाबदारी कोणाची’ यावर मशीनांचे आपसात एकमत हवे. अडचण अशी की उत्तर न देणारे मशीन मेले आहे की नेटवर्क रेंगाळले आहे, हे दुसऱ्याला बाहेरून कळत नाही. निरोप पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एखादे मशीन पडू शकत असेल, तर प्रत्येक वेळी एकमत होईलच अशी हमी देणारी ठरीव पद्धत असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केले. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘पॅक्सॉस’ने (१९९८) बहुमताची व्यवहार्य वाट दाखवली: पाचांपैकी तिघांनी नोंद मान्य केली की ती पक्की. २०१४ मध्ये आलेल्या ‘राफ्ट’ने तीच वाट समजायला सोपी केली. आता प्रमुख मशीन पडले तरी दुसरे त्याची जागा घेते.

पण नव्या प्रमुखाला सामायिक नोंदवहीत ‘काम सुरू केले’ एवढीच नोंद सापडली आणि ‘पूर्ण झाले’ ही सापडलीच नाही तर? पगार खात्यांत गेले की नाही? गूगलच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये आपल्या क्रॉन-व्यवस्थेविषयी लिहिताना आपला कल सांगून टाकला: शंका असेल तर काम दोनदा होण्यापेक्षा राहिलेले बरे. राहिलेले काम मागाहून करता येते. दोनदा गेलेले पैसे किंवा ईमेल परत घेणे अवघड. अनेक मशीनांवर कामे वाटून चालवणाऱ्या ‘कुबरनेटीज’ प्रणालीचे दस्तऐवजही तितकेच स्पष्ट आहेत: ठरलेल्या वेळी काम ‘साधारण एकदा’ होईल, क्वचित दोनदा होईल, क्वचित होणारही नाही; म्हणून ते दोनदा झाले तरी बिघडणार नाही, असेच लिहा.

हा निर्णय सरसकट घेता येत नाही. बॅकअप दोनदा झाला तर थोडी जागा वाया जाईल. कर्जाचा हप्ता दोनदा कापला गेला तर पुढचा चेक परत येईल. पेन्शन राहिली तर एखाद्या घरातले औषध राहील.

निष्काळजीपणाचे मोल इतिहासात नोंदलेले आहे. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या आरबीएस बँक समूहात कामांचे गठ्ठे (बॅच) ठरल्या वेळी चालवणाऱ्या शेड्यूलरच्या नव्या आवृत्तीने त्रास दिला म्हणून ती काढून टाकण्यात आली. काढल्याने काय होईल याची पुरेशी चाचणी न करता. बॅच अडकल्या, ६५ लाखांहून अधिक ग्राहकांचे व्यवहार विस्कळीत झाले आणि २०१४ मध्ये नियामकांनी समूहाला एकूण ५.६ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. जानेवारी २०१७ मध्ये प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता असे उघड झाले. तो फसल्याचे ईमेल निघत होते, पण ते ईमेल-व्यवस्थेतच नाकारले जात होते.

आपल्याकडे हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या बॅचने चालते. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते आणि पगारांची ‘नाच’ व्यवस्था सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. ग्राहकाची सोय झाली हे खरेच; पण अडकलेली बॅच सोडवायला पूर्वी रात्र आणि रविवार हाताशी असे, ती सवड गेली. जुन्या व्यवस्थांचा टिकाऊपणा बराचसा त्या रिकाम्या वेळावर उभा होता, हे कोणी ताळेबंदात मांडले नव्हते.

म्हणून महागडे क्लस्टर विकत घेतले की भागले, असे मानणाऱ्या संस्थांनी आधी तीन गोष्टी लेखी कराव्यात. प्रत्येक नित्य कामाचा जबाबदार माणूस कोण? शंका आल्यास ते सोडायचे की पुन्हा करायचे? आणि ते झालेच नाही, तर किती मिनिटांत कोणाला कळणार? काम फसल्यावर वाजणारी घंटा पुरत नाही. काम सुरूच झाले नाही तरी वाजणारी घंटा हवी. पैशांच्या प्रत्येक आदेशाला स्वतंत्र क्रमांक असावा, म्हणजे तोच आदेश पुन्हा आला तर ओळखून नाकारता येईल. यातले काहीही नव्या शोधाची वाट पाहत अडलेले नाही. अडले आहे ते एवढ्यावरच, की हा निर्णय तंत्रज्ञांचा असल्याचे सांगून व्यवस्थापन मोकळे होते. कोणाचे पैसे थांबलेले चालतील आणि कोणाचे दोनदा कापलेले, हे ठरवणे व्यवस्थापनाचेच काम आहे.