सत्तरीतला मुसाफिर

मुलांनो, घरातले आजोबा नोकरीतून निवृत्त झाले, की घरचे आणि शेजारचे सगळे त्यांना एकच सल्ला देतात, "खूप धावपळ केलीत. आता घरी बसा, अल्ला अल्ला करा." सल्ला प्रेमाचाच असतो. पण समजा, आजोबा म्हणाले, "मला मोटारसायकलवरून आफ्रिका ओलांडायची आहे," तर काय होईल? आधी घरात हशा पिकेल. मग राग सुरू होईल. म्हातारचळ लागला, असेही कोणी म्हणेल. मला हे हसणे पटत नाही. का पटत नाही, ते सांगते.

टेड सायमन हे इंग्लंडमध्ये वाढलेले पत्रकार. त्यांचा जन्म १९३१ सालचा. ऑक्टोबर १९७३ मध्ये ते ५०० सी.सी.च्या ट्रायम्फ मोटारसायकलवर बसून इंग्लंडहून निघाले. आफ्रिका, दक्षिण व उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आशिया असे फिरून १९७७ साली परतले. चार वर्षे, ४५ देश आणि सुमारे एक लाख किलोमीटर! वाटेत ते आपल्या भारतातही आले होते. ब्राझीलमध्ये तर पोलिसांनी संशयावरून त्यांना कोठडीत ठेवले होते. या प्रवासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक खूप गाजले.

माझा मुद्दा मात्र पुढच्या प्रवासाचा आहे. जानेवारी २००१ मध्ये सायमन जवळजवळ त्याच वाटेने पुन्हा निघाले. तेव्हा त्यांचे वय ६९ होते. केनियात अपघात होऊन त्यांचा पाय मोडला. हाड जुळून आल्यावर ते पुढे निघाले आणि फेरी पूर्ण करूनच थांबले.

"पाय मोडला ना? आम्ही तेच म्हणत होतो!" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. उतारवयात हाड सावकाश जुळते, नजर मंदावते, रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांना सोसवत नाही. पण म्हणून बेतच करायचा नाही का? विशीतला मुलगा टाकीत पेट्रोल भरतो आणि निघतो. साठीतल्या माणसाला तसे जमत नाही. त्याला आधी वर्ष-दोन वर्षे तयारी करावी लागते. तयारी हा तुमच्या आमच्या दोन्ही भाषांतला शब्द. त्याचा पुरा अर्थ मला अशा माणसांच्या वहीत दिसतो.

त्या वहीत काय असते, बघा. पहिली गोष्ट मोटारसायकलचे वजन. लांब प्रवासाच्या मोठ्या गाड्या सामानासह अडीचशे किलोंच्याही पुढे जातात. वाळूत गाडी आडवी झाली आणि आसपास चिटपाखरू नसले, तर ती उचलणार कोण? म्हणून शहाणा वृद्ध मुसाफिर ऐटीची गाडी घेत नाही. आपल्याला एकट्याला उभी करता येईल, अशी हलकी गाडी घेतो.

मग औषधे. रक्तदाबाच्या गोळीचे आपल्याकडचे नाव परदेशातल्या दुकानदाराला कळेलच असे नाही. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यायचे. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती निदान दहा दिवस आधी टोचावी लागते. साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका थोडा अधिक असतो. त्यामुळे डॉक्टरांनी "नको" म्हटले, तर वाटच बदलावी लागते. हट्ट करून चालत नाही.

कागदपत्रांचे प्रकरण सर्वांत मोठे. पासपोर्ट आणि व्हिसा तुम्हांला ठाऊक आहेत. पण इराणसारख्या काही देशांत गाडीलाही पासपोर्ट लागतो! त्याला 'कार्ने' म्हणतात. हद्दीत शिरताना त्याच्या पानावर एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. गाडी परत बाहेर नेली नाही, तर त्या देशाची जकात भरावी लागते आणि ती कधी कधी गाडीच्या किमतीहून जास्त असते. त्यासाठी मालकाला आधीच मोठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. कार्ने आणि आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, दोन्हींची मुदत साधारण एक वर्षाची.

आपल्याकडच्या पेन्शनवाल्याला आणखी एक काळजी असते. दर नोव्हेंबरात त्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'हयात' म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको! दाखला पोहोचला नाही, तर पेन्शन थांबते. मग आजोबा नोव्हेंबरात पेरू देशात असले तर? तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन ते आपल्या हयातीची साक्ष देऊ शकतात. एवढे मात्र आधी ठाऊक हवे. प्रवासाचा नकाशा आखताना त्या महिन्यात वकिलातीचे शहर यावे, याची सोय करून ठेवायला हवी.

आता पैशांचा प्रश्न. निवृत्तीची रक्कम अशी रस्त्यावर उधळावी का? नातवंडांचे शिक्षण, घराची दुरुस्ती, एखादे लग्न यांचे काय? डोक्यावर कर्ज ठेवून जगाची सफर करणे मलाही मान्य नाही. पण देणीघेणी फिटली असतील, तर उरलेला पैसा कोणाचा? ज्याने तीस-पस्तीस वर्षे राबून कमावला त्याचाच ना? तो त्याने गादीखालीच ठेवावा, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? आणि आजोबाच का? उद्या आजी म्हणाली, की मला जग बघायचे आहे, तर घरात दुप्पट हसतील. ते तर मला अजिबात मान्य नाही.

घरातल्या माणसांना भीती वाटते, हे मी समजू शकते. पण भीती वाटत असेल, तर ती प्रश्न विचारून बोलून दाखवावी. रोज किती किलोमीटर जाणार? अंधार पडण्याआधी थांबणार का? किती दिवसांनी फोन करणार? आजारी पडलात, तर विमा आहे का? ज्याच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवलेली आहेत, त्याला वेडा म्हणू नये. ज्याच्याजवळ ती नाहीत, त्याला खुशाल थांबवावे. मग तो सत्तरीचा असो की विशीचा.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर शाळेतला नकाशासंग्रह घेऊन त्यांच्याजवळ बसा. पनामा आणि कोलंबिया हे देश शोधा. अलास्कापासून दक्षिणेकडे येणारा लांबलचक महामार्ग तिथल्या जंगलात तुटतो. सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही. तेवढ्यापुरती मोटारसायकल जहाजाने किंवा विमानाने न्यावी लागते. त्याला खर्च किती येईल, हे आजोबांनी वहीत लिहिले आहे का, ते विचारा.