फोन समोर धरला की जुनं शहर दिसतं: म्युझियमला रस्त्यावर आणणारं तंत्रज्ञान काय आहे?

मे १९४१. जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यानंतर लंडनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची एक अख्खी इमारत रस्त्यावर कोसळत होती. पोलीस दलातल्या छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. हा फोटो लंडनच्या म्युझियमकडे आहे. पण त्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल?

या प्रश्नावर म्युझियम ऑफ लंडननं २०१० मध्ये एक उपाय शोधला. 'स्ट्रीटम्युझियम' नावाच्या आयफोन अ‍ॅपमध्ये शहरातल्या २०० हून अधिक जागांची जुनी चित्रं आणि फोटो नकाशावर टाकण्यात आले. त्या जागी उभं राहून कॅमेरा समोर धरला की आजच्या रस्त्यावर जुना रस्ता दिसायचा.

हे चालतं कसं?

तुम्ही कुठं आहात, हे फोनला जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलवरून कळतं. मोकळ्या जागेत हा अंदाज साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. तुमचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हे फोनमधलं होकायंत्र सांगतं, तर फोन किती कलला आहे, हे दुसरा सेन्सर सांगतो. ही माहिती जुळवून अ‍ॅप त्या जागेचा फोटो कॅमेऱ्यातल्या दृश्यावर बसवतं. यालाच ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात.

उंच इमारतींच्या गल्लीत मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि जागा चुकते. छताखाली तर जीपीएस फारसं चालतच नाही. म्हणून म्युझियमच्या आत ब्लूटूथ बीकन किंवा साधा क्यूआर कोड वापरतात.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

नालासोपाऱ्याचं उदाहरण घ्या. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. स्तूप तिथंच आहे. पण त्यात सापडलेले अवशेष मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत आणि सोपाऱ्याला मिळालेले अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. म्हणजे जागा एकीकडे आणि तिथल्या वस्तू पन्नासहून अधिक किलोमीटर दूर. स्तूपाजवळ राहणाऱ्या मुलांना आपल्या गावचा शिलालेख पाहायचा तर लोकलनं मुंबई गाठावी लागते. शिलालेख परत नेता आला नाही, तरी त्याचा फोटो, वाचन आणि अर्थ स्तूपासमोरच फोनवर दाखवता येईल.

मग अडचण कुठं आहे?

पहिली अडचण जागेचीच. कोकणातली कातळशिल्पं उघड्या सड्यावर आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. पण बऱ्याच ठिकाणी ना कुंपण आहे, ना राखणदार. अशा शिल्पाचं अचूक लोकेशन एका रीलवरून व्हायरल झालं, तर गर्दी आधी पोहोचते आणि संरक्षण नंतर. त्यामुळे कोणती जागा नकाशावर टाकायची आणि कोणती नाही, हे गावाशी बोलूनच ठरायला हवं.

न विचारता जागा टाकली की काय होतं, हे २०१६ मध्ये दिसलं. 'पोकेमॉन गो' या गेमनं वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियमही खेळाचा थांबा केलं होतं. तिथं खेळू नका, असं म्युझियमला लोकांना सांगावं लागलं.

दुसरी अडचण तुमच्या माहितीची. तुम्हाला जागा दाखवणाऱ्या अ‍ॅपला तुमचीही जागा कळते. म्हणून लोकेशनची परवानगी देताना 'अ‍ॅप वापरत असतानाच' हा पर्याय निवडणं शहाणपणाचं. नुसता नकाशा पाहायचा असेल तर अंदाजे लोकेशनही पुरतं.

तिसरी अडचण देखभालीची. फोनची सिस्टीम बदलत राहते आणि अपडेट न मिळालेलं अ‍ॅप बंद पडतं. उद्घाटनाला निधी मिळतो, पण पाच वर्षांनंतरच्या दुरुस्तीला मिळेलच असं नाही. म्हणून अ‍ॅप मोडलं तरी फोटो, त्यांच्या नोंदी आणि ठिकाणं सर्वांना वापरता येतील अशा खुल्या स्वरूपात जपून ठेवणं जास्त महत्त्वाचं. नवं अ‍ॅप कधीही बनवता येतं. पण कोणता दगड कुठं सापडला, ही नोंद एकदा हरवली की फोन कितीही महागडा असला तरी तो ती जागा दाखवू शकत नाही.