दारचा धूर आणि उकिरड्याचें धन

अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशिमकडे निघालें कीं मालेगांवच्या अलीकडे मेडशी लागतें. या सडकेच्या आजूबाजूच्या कोणत्याही गांवांत सकाळीं आठाच्या सुमारास शिरावें आणि दारोदारचे धूर मोजावेत. हे धूर चुलीचे नव्हेत. अंगण झाडून गोळा केलेला केर कोपऱ्याला लोटून त्याला काडी लावलेली असते, त्याचे हे धूर. ढिगांत निंबाचा पाला असतो, कांद्याच्या साली असतात, गोठ्यांतलें उष्टें कुटार असतें, आणि अलीकडे त्यांतच गुटख्याच्या पुड्या व दुधाच्या पिशव्याही असतात. घटकाभरांत ढीग बसतो, चिमूटभर राख उरते, आणि घर स्वच्छ झालें असें आपण समजतों. याच घरचा मालक मृग जवळ आला कीं दुकानीं जाऊन उधारीवर खताचीं पोतीं आणतो. सकाळीं खत जाळावें आणि हंगामाला खत विकत घ्यावें, हा कोणत्या शहाण्याचा व्यवहार, तें आमच्या वाचकांनींच ठरवावें.

जळतें काय, याचा हिशोब एकदां करून पाहूं. पालापाचोळा पेटविला म्हणजे त्यांतलें सेंद्रिय द्रव्य बहुतेक सारें हवेंत जातें. जमीन भुसभुशीत ठेवणारें आणि पावसाचें पाणी धरून ठेवणारें द्रव्य तें हेंच. नत्राचाही मोठा भाग धुराबरोबर उडतो. राखेंत पालाश व थोडें स्फुरद राहतें हें खरें, पण दारांतली राख पहिल्या वळवानें नालींत जाते, शेतांत जात नाहीं. पांच माणसांच्या घरांत रोज किलोभर ओला केर निघतो असें धरा. वर्षाला साडेतीनशें किलोंहून अधिक झाला. त्यांत तिप्पट वाळला पाला मिळवून कुजविला तर परसांतल्या वेलांना पुरून उरेल इतकें खत होतें. पांच एकरांचें शेत त्यावर पोसेल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसें सांगणारा मनुष्य शेतकऱ्याला फसवितो. शेताचा हिशोब निराळा, तो पुढें येईल.

येथें कांहीं शिकलेले लोक लगेच म्हणतील कीं शेतकरी अडाणी, त्याला खताची किंमत कळत नाहीं. हा आरोप जुना आहे आणि तो खोटा ठरूनही शंभर वर्षें होऊन गेलीं. १८८९ सालीं डॉक्टर व्होएल्कर नांवाचा रसायनशास्त्रज्ञ सरकारनें विलायतेहून हिंदुस्थानची शेती तपासावयास आणला. त्याचा अहवाल १८९३ सालीं छापून निघाला. रयत शेणाच्या गोवऱ्या जाळते ती अज्ञानानें नव्हे, सरपणाला लांकूड मिळत नाहीं म्हणून, असें त्यानें स्वच्छ नोंदविलें आणि सरपणासाठीं रानें राखावींत अशी शिफारस केली. त्याच्याही दहा वर्षें आधीं, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत हें दुखणें मुळापासून दाखविलें होतें. जंगलखात्यानें गायरानें घेतलीं, त्यामुळें गुरांचे हाल झाले, आणि डोंगरावरच्या कुजलेल्या पाल्याचें सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून जाऊं लागलें. तें शेतांत मुरावें म्हणून सरकारनें आपल्या लष्करांतल्या रिकाम्या शिपायांकडून ताली व बंधारे घालून घ्यावेत, असा त्यांचा रोखठोक सल्ला होता. पालापाचोळ्याचें सत्त्व म्हणजे शेतकऱ्याचें भांडवल, हें जोतीरावांना खतांचीं पोतीं येण्याच्या कितीतरी आधीं कळलें होतें.

आज कारणें बदललीं आहेत. बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. दावणीला जनावर नाहीं म्हणून शेण नाहीं, शेण नाहीं म्हणून उकंडा नाहीं, आणि उकंडा नाहीं म्हणून केराला जागा नाहीं. घरें वाढलीं तशीं परसें आंखडलीं. वर प्लॅस्टिक आलें. पूर्वीच्या केरांत न कुजणारी वस्तु म्हणजे फुटक्या खापऱ्या आणि बांगड्यांचे तुकडे. आतां पिशवीच पिशवी. तो केर उकंड्यावर टाकावा तर शेतांत चिंध्या उडतात, म्हणून बाई काडी लावते. तिचें सर्वस्वीं चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण प्लॅस्टिक जळतांना, त्यांतही पीव्हीसी जातीचें जळतांना, डायॉक्सिनसारखीं विषें निघतात, आणि तो धूर सर्वांत आधीं जिच्या हातांत काडी असते तिच्याच छातींत जातो. शेजारीं ओट्यावर मूल रांगत असतें, हें वेगळें सांगावयास नको.

आतां उपाय. बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपली म्हण. ज्यांनीं उकिरडा नीट रचला त्यांनीं हीं बारा वर्षें तीन महिन्यांवर आणलीं. इंदुरास १९२४ ते १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड या साहेबानें शेतीची संस्था चालविली. त्याच्या जोडीला यशवंत वाड हे होते, आणि १९३१ सालीं शेतीच्या टाकाऊ मालावर जें पुस्तक निघालें त्यावर दोघांचींही नांवें आहेत. मुलूख कापसाचा, म्हणून अडचणही आपलीच: पऱ्हाटी कांहीं केल्या कुजत नाहीं. त्यांनीं ती संस्थेच्या रस्त्यांवर पसरली आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालीं तिचा भुगा होऊं दिला. मग पाला, शेणकाला, गोठ्यांतली मूत मुरलेली माती व राख यांचे थर रचून ढीग तीन वेळां खालींवर केला, तों तीन महिन्यांत काळें खत तयार. ही अक्कल साहेबानें आकाशांतून आणली नव्हती. चिनी शेतकरी शेंकडों वर्षें हेंच करीत आले, त्यांच्यापासून आपण शिकलों असें तो मोकळेपणें सांगत असे.

ज्यांना ढीग वारंवार उलटण्यास मनुष्यबळ नाहीं त्यांच्यासाठीं दुसरी युक्ति आपल्या शेजारींच निघाली. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं विटांची टांकी काढली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींना चहूंकडून भोंकें, म्हणजे हवा आपोआप खेळते. आंत १४०० ते १५०० किलो काडीकचरा, अवघें ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. काडीकचऱ्याचा अर्धा हात थर, वर शेणकाल्याचा सडा, वर माती; असें रचीत भिंतींच्याही वर दीड फूट न्यावें आणि शेणमातीनें लिंपून टाकावें. पंधरा-वीस दिवसांत माल खालीं बसतो, तेव्हां पुन्हां भरून लिंपावें. पुढें भेगा पडूं न देणें आणि ओल राखणें, एवढेंच काम. तीन-चार महिन्यांनीं अडीच-तीन टन खत निघतें. शेणाचा आंकडा पुन्हां वाचावा. ज्याच्या दावणीला एकच गाय उरली आहे त्यालाही एवढें शेण जमतें, आणि हेंच या टांकीचें आमच्या दृष्टीनें खरें मोल. कोरडवाहू शेतीला हेक्टरीं ५ टन शेणखत घालावें असें कृषिखात्याचें सांगणें असतें. वर्षांतून दोनदां भरलेली एक टांकी तितकें देते. अर्थात् १४०० किलो माल घरच्या केरांतून येणार नाहीं. तो शेतांतून आणावा लागेल: सोयाबीनचें सडकें कुटार, तुरीचा पाला, धसकटें, पऱ्हाटीचे तुकडे. तुराटी चुलीला लागते, ती लागो. सरपणाची ओढ आहे तेथें आम्ही उपदेश करीत नाहीं.

पऱ्हाटीविषयीं एक शब्द अधिक लिहिला पाहिजे. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें वऱ्हाडाचा कापूस खाल्ला, तेव्हांपासून पऱ्हाटी बांधावर ठेवूं नका असें तज्ज्ञ सांगतात, आणि तें बरोबर आहे. न फुटलेल्या बोंडांत अळी सुप्त राहते. पण ठेवूं नका याचा अर्थ पेटवा असा नव्हे. यंत्रानें बारीक करून ती ओल्या ढिगांत घातली तर ढीग असा तापतो कीं आंत खुपसलेली पहार बाहेर काढून हात लावतां येत नाहीं. त्या आंचेंत अळी जगत नाहीं.

कारागीर बंधूंस वाटेल कीं हा सारा कुणब्यांचा विषय. तसें नाहीं. उलट खताचा सर्वांत कसदार माल त्यांच्याच दुकानांत सांडतो. न्हाव्याच्या दुकानांतले केस घ्या: केसांत शेंकडा १५ च्या आसपास नत्र असतें, शेणखतांत शेंकडा एकही नसतें. केस फार सावकाश कुजतात, म्हणून ते थोडथोडे पसरून घालावे लागतात, इतकेंच. तेल्याची पेंड, चांभाराच्या कातड्याच्या कातरणी, धनगराच्या लोकरीचा गाळ, खाटकाकडचीं हाडें, हीं सारीं झाडाचें अन्न आहेत. कातडें रसायनांनीं कमावलेलें असेल तर तें मात्र घेऊं नये. सुताराचा भुसा एकटा टाकला तर जमिनीचेंच नत्र ओढून घेतो, म्हणून तो ओल्या केरांत व शेणांत मुरवावा. एके काळीं आपल्या देशांतलीं हाडें आणि तेलबिया आगबोटींत भरून परदेशीं जात आणि तिकडच्या शेतांना खत होत; व्होएल्करनें त्याचीही नोंद केलेली आहे. आज आगबोट लागत नाहीं, काडीपेटी पुरते.

ज्या घरीं शेत नाहीं, फक्त चार हात परस आहे, त्यांनीं न्हाणीजवळ, पण पाणी तुंबणार नाहीं अशा जागीं तीन फुटांचा खड्डा घ्यावा. रोजचा ओला केर टाकला कीं वर त्याच्या तिप्पट वाळला पाला आणि मूठभर माती. माती विसरली तर माशा होतात आणि कुत्रीं उकरतात. वास येऊं लागला म्हणजे हवा कोंडली समजावें आणि पाला वाढवावा. मूठ दाबून पाहावी. बोटें ओलीं व्हावींत पण पाणी गळूं नये. पावसाळ्यांत खड्डा भरतो, तेव्हां उंचवट्यावर ढीग करून वर पऱ्हाटीचा ताटवा झांकावा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास सुटला कीं खत झालें. त्यावर वाल, दोडका, कारलें, भोपळा लावावा. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू येतात, शेवग्याला तर तेंही फारसें लागत नाहीं. चैत्र-वैशाखांत बाजारांत भाजीचे भाव चढलेले असतात तेव्हां या परसाची किंमत कळते.

आतां ज्याविषयीं आम्हांस खरोखर बोलावयाचें आहे तें. उकिरडा हा शब्द आमच्या समाजांत शिवीसारखा वापरतात. केर काढणें बायकोचें काम, तो उचलणें नीच म्हणून ठरविलेल्या जातीचें काम, आणि त्यावर पिकलेला माल विकून पैका कनवटीला लावणें मालकाचें काम, अशी वांटणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालली. चार बुकें शिकलेला मुलगा शेणाला हात लावीत नाहीं, त्याचें मूळ त्याच्या शाळेंत शोधूं नये, या वांटणींत शोधावें. याच अमरावतीकडच्या मुलखांत शेंडगांवीं १८७६ सालीं परिटाच्या घरीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेतला आणि गांवें झाडलीं, तेव्हां त्यांनीं धुळीबरोबर हीही समजूत झाडावयास घेतली होती. २००० सालापासून त्यांच्या नांवानें सरकारनें ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू केली. त्या स्पर्धेसाठीं झाडलेला केर तपासणी यायच्या आदल्या रात्रीं कोणी पेटवून देत असेल, तर त्यानें बाबांचें नांव घेऊं नये. आणि घरांत जी बाई खड्डा सांभाळते, तिच्या परसांतल्या भाजीचा पैसा तिच्याच हातीं राहिला पाहिजे. तिनें काम वाढवावें आणि मालकानें बाजार करावा, ही तोडजोड असेल तर ती उद्यांच काडी लावील, आणि आम्ही तिला दोष देणार नाहीं.

सरकारकडे कायदा आहे. राष्ट्रीय हरित लवादानें २२ डिसेंबर २०१६ रोजीं उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी करून ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरविला. ज्या घरीं पोत्याभर खताची उधारी फिटत नाहीं तेथें पांच हजारांचा दंड मागणें हें आम्हांस शोभत नाहीं. मागावयाचें तें ग्रामपंचायतीकडे. प्लॅस्टिक व कांच घराघरांतून वेगळी उचलण्याची गाडी आठवड्यांतून एकदां तरी फिरते काय? ज्यांना परस नाहीं, त्यांतही गांवाच्या कडेला कोंबलेल्या वस्त्यांना, सामाइक खड्ड्यासाठीं गांवठाणांत जागा मिळते काय? मिळाली तर तिथलें खत कोणाचें? केर देणाऱ्या घरांत तें वांटलें जावें, कीं सरपंचाच्या ओळखीच्या शेतांत जावें? २००५ च्या रोजगार हमी कायद्याखालीं नाडेपच्या टांक्या अनेक गांवांत बांधल्या गेल्या. आपल्या गांवांत किती बांधल्या, त्यांतल्या किती एकदां तरी भरल्या, आणि किती विटांच्या रिकाम्या चौकटी आहेत, हा प्रश्न ग्रामसभेंत उभें राहून विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यासाठीं चांगली. पुढची १ मेची. मेची वाट पाहिली तर हंगाम गेला. होळीच्या आधीं भरलेली टांकी मृगापर्यंत पेरणीच्या कामीं येते, आणि पऱ्हाटी उपटून बांधाला लागलेली असते तीही त्याच दिवसांत.