दुपारी बागेला कुलूप कशासाठी?

एप्रिल संपता संपता वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रके पडू लागतात. चित्रकला, कराटे, स्केटिंग, फुटबॉल, नाट्यशिबिर, 'व्यक्तिमत्त्व विकास'. त्याच आठवड्यात हवामान खात्याचा यलो अलर्ट येतो आणि आमच्या ओपीडीत आई-वडील विचारू लागतात, "डॉक्टर, या उन्हात पोराला शिबिराला पाठवू, की घरीच बसवू?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर एकट्या आई-वडिलांच्या हातात नाही. काही भाग शिबिर भरवणाऱ्यांच्या हातात आहे आणि बराचसा महापालिकेच्या, म्हणजे बागेच्या फाटकाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्या.

आधी 'घरीच बसवू' याचा विचार करू, कारण अनेकांना तोच सुरक्षित मार्ग वाटतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुट्टीत शाळेचे मैदान बंद, शाळेपर्यंतचे चालणे बंद, हातात मोबाइल. मग तो तास येणार कुठून? दुसरी गोष्ट डोळ्यांची. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जादा घराबाहेर ठेवण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या वेळापत्रकातील सुमारे ४० टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, म्हणजे लांबचे धूसर दिसू लागले. जादा वेळ बाहेर घालवणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३० टक्के होते. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास उघड्यावर घालवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. यात गोम अशी की डोळ्यांना ऊन लागत नाही, उजेड लागतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तीन-चारशे लक्स उजेड असतो. दाट झाडाच्या सावलीतही तो हजारांत जातो. तेव्हा मुलाला उन्हात तळायची गरजच नाही, झाडाखाली बसवले तरी पुष्कळ.

आणि 'घर' म्हणजे कोणाचे घर? सरकारी रुग्णालयात येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरावर पत्रा असतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखालची खोली बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापलेली असते, पंखा तीच गरम हवा फिरवतो. अशा मुलाला 'घरात थांब, बाहेर ऊन आहे' हा सल्ला देताना माझीच जीभ अडखळते.

आता उन्हाबद्दल. बातम्यांत येणारे ४२ अंश हे सावलीतले तापमान असते. मोजणारे यंत्र पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास ठेवलेले असते. उघड्या मैदानावर धावणाऱ्या मुलाला त्याखेरीज डोक्यावरचे ऊन आणि पायाखालच्या जमिनीची धग सोसावी लागते. आपले शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घाम वाळवून. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळायला हवा. म्हणूनच विदर्भातले कोरडे ४३ अंश आणि कोकणपट्टीतले दमट ३७ अंश यांची तुलना आकड्यांवरून करता येत नाही. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून करते, पण किनाऱ्यावर ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, त्या दिवशी परिसरात नोंदलेले तापमान चाळिशीच्या आतच होते. लोक धावतही नव्हते, नुसते उन्हात बसले होते.

मुलांना ऊन मोठ्यांपेक्षा कमी सोसते, असे पूर्वी आमच्या पुस्तकांत ठाम लिहिलेले असे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये हे मत बदलले. पुरेसे पाणी आणि विश्रांती मिळाली तर निरोगी मूल उन्हातल्या खेळाला मोठ्यांइतकेच तोंड देते. घात होतो तो बहुधा आयोजनात. वेळ चुकीची, विश्रांती नाही, पाणी हाताशी नाही, ताप-जुलाबातून नुकते उठलेले मूल मैदानावर, आणि 'अजून दोन फेऱ्या मार' म्हणणारे सर. वाईट बातमी वाटते, पण मला ती चांगली वाटते. मुलाचे शरीर आपल्याला बदलता येत नाही, वेळापत्रक येते.

या यादीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सवय. शरीराला उष्ण हवेत श्रम करण्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाऊ लागते, रक्ताचे आकारमान वाढते, हृदयावरचा ताण उतरतो. आपल्याकडे मात्र उलटे घडते. २०२५ साली राज्यातील शालेय वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. महिनाभर अभ्यासाच्या टेबलाशी बसलेले मूल मेच्या पहिल्या सोमवारी थेट दोन तासांच्या फुटबॉल शिबिरात उतरते, तेही वर्षातल्या सर्वांत तापलेल्या पंधरवड्यात. धोक्याचे दिवस हेच, पहिले चार-पाच. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडे वाढवत दुसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ, एवढे पथ्य शिबिरवाल्यांनी पाळावे. 'फी दोन तासांची घेतली, खेळवले अर्धाच तास' अशी तक्रार करणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांनी उरलेला वेळ सावलीत गोष्टी ऐकण्यात गेला तर आनंद मानावा.

वेळेचे म्हणाल तर दुपारी चार ते सहा ही शिबिरांची लाडकी वेळ मे महिन्यासाठी चुकीची आहे. दिवसाचे कमाल तापमान तीनच्या सुमारास असते, चारला ते फारसे उतरलेले नसते आणि जमीन तर तापलेलीच असते. मेमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो; नागपूरला दोन्ही आणखी थोडे आधी. म्हणजे सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतरचा वेळ पळापळीच्या खेळांना मोकळा आहे. आपल्या जुन्या खेळांत ही वाटणी आपोआप होती. लगोरी, आट्यापाट्या संध्याकाळी. दुपारी ओसरीवर सागरगोटे, काचापाणी, पत्ते. आणि सूरपारंब्या तर वडाच्या सावलीतच खेळायचा. कोणी तापमान मोजून हे ठरवले नव्हते.

जागेबद्दलही बोलायला हवे. गल्लोगल्ली झालेले कृत्रिम हिरवळीचे टर्फ दिसायला गार असते, पण भर उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. खरे गवत पाणी बाष्परूपाने सोडते म्हणून थंड राहते, प्लास्टिकचे गवत काही सोडत नाही. रात्री प्रकाशझोतात तिथे खुशाल खेळा, दिवसा मुलांना तिथे नेऊ नका. लोखंडी घसरगुंडीने आणि काळ्या रबरी लाद्यांनी चटका बसलेली लहान मुले दरवर्षी येतात. बागा 'सुशोभित' करताना पेव्हर ब्लॉक आणि ओळीने पाम लावण्याची हौस कोणाला आली कोण जाणे. पामची सावली त्याच्या बुंध्यालाही पुरत नाही. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी घेतात आणि ऐन मेमध्ये दाट सावली देतात. नवी झाडे लावणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

आणि आता कुलपाकडे येतो. आपल्या अनेक शहरांत महापालिकेच्या बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चार-पाचला उघडतात. दिवसाच्या ज्या वेळी माणसाला सावलीची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी शहरातली उत्तम सावली कुलपात. पहारेकरी शिट्टी वाजवून मुलांना बाहेर काढतो, मुले फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर येतात. फेरीवाले, घरोघरी पार्सल पोहोचवणारी तरुण पोरे, धुणीभांडी करणाऱ्या बायका, दोन कामांमधल्या तासाभरात यांना टेकायला जागा नसते. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेत झालेल्या मृत्यूंपासून धडा घेऊन २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातील तो पहिला. त्यानंतर आपल्याकडेही शहराशहरांत असे आराखडे झाले. दुपारी बागा उघड्या ठेवाव्यात, पाण्याची सोय करावी, अशा शिफारशी अशा आराखड्यांत आढळतात. कागद आहे, किल्ली फिरत नाही.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. झाडांना पाणी घालायचे असते, मनुष्यबळ नाही, दुपारी जोडपी बसतात, दारुडे येतात. पाणी पहाटे किंवा रात्री घालता येते, आणि झाडांसाठीही तेच बरे. भर दुपारी घातलेले पाणी बरेचसे उडूनच जाते. दारुड्यांसाठी पहारेकरी हवा, कुलूप नको. आणि जोडप्यांनी झाडाखाली बसणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नाही. मनुष्यबळाचा मुद्दा मात्र खरा आहे. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत तीन महिने प्रत्येक मोठ्या बागेत दुपारच्या पाळीला एक माणूस जास्त लागेल. उष्माघाताच्या एका रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवण्याचा खर्च आणि या माणसाचा पगार कोणी शेजारी शेजारी मांडून पाहावा.

बाग उघडी ठेवायची तर तिथे पाणी आणि स्वच्छतागृह हवे. हे दोन्ही एकत्र सांगतो, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहे. स्वच्छतागृह घाण किंवा बंद असले की मुली पाणीच पीत नाहीत. शिबिरात दोन-तीन तास असे काढून संध्याकाळी डोके दुखते, लघवीला जळजळ होते म्हणून येणाऱ्या मुली दर उन्हाळ्यात असतात. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने खेळताना दर वीस मिनिटांनी अर्धा ते एक पेला पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. तासाभराच्या खेळाला साधे पाणी पुरते. घाम फार गेला तर पन्हे, ताक किंवा मीठ घातलेले लिंबूसरबत. खोक्यातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नव्हे.

बागा आणि मैदाने बंद असली की मुले पाण्याकडे जातात, हेही सांगितले पाहिजे. विहीर, कालवा, बंद पडलेल्या खाणीतला डोह. दर मे महिन्यात आमच्याकडे बुडालेली मुले आणली जातात, त्यांतली काही वाचू शकली असती. काठावरचे लोक मुलाला उलटे धरून किंवा खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढू पाहतात. यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. पाणी काढायचे नसते, श्वास द्यायचा असतो. मूल श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करावा, आणि १०८ ला फोन दुसऱ्याने करावा. पोहण्याचे शिबिर भरवणाऱ्या प्रत्येकाला हे आलेच पाहिजे. पालकांनी फी भरण्याआधी तसे विचारावे.

तसाच दुसरा प्रश्न मैदानावरच्या शिबिराला विचारा: मूल उन्हाने कोसळले तर काय कराल? 'पॅरासिटामॉल देऊ' किंवा 'गाडीत घालून दवाखान्यात नेऊ' असे उत्तर आले तर नाव घालू नका. उष्माघाताचा ताप हा जंतुसंसर्गाचा ताप नाही, पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, ओळखेनासे झाले, तर ते उष्माघाताचे लक्षण समजावे, मग घाम येत असला तरीही. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा समज खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत घातक आहे. अशा मुलाला सावलीत न्यायचे, कपडे उतरवायचे, जे पाणी असेल ते अंगावर ओतत राहायचे, वारा घालायचा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ ठेवायचा; मोठे टब असेल तर मान वर धरून त्यात बसवणे सर्वांत उत्तम. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही पाजायचे नाही. १०८ ला कळवायचे, पण रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवायचे नाही. मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेला एक पिंप, चार चादरी आणि बर्फाची पेटी, एवढे साहित्य याला पुरते. शिबिराच्या टी-शर्टांवर होणाऱ्या खर्चाहून ते स्वस्त आहे, आणि महापालिकेने मैदान भाड्याने देतानाच्या अर्जात त्याची अट घालायला कोणत्याही नव्या ठरावाची गरज पडू नये.