कप्पा कुणाचा, किल्ली कुणाची?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत आपल्या हातून किती चिठ्ठ्याचपाट्या केरात जातात! त्यातलीच एक गोष्ट आज सांगणार आहे. चूक माझीच आहे, म्हणून आधी कबुली देते आणि मग त्यातून शिकलेले नियम सांगते. ज्यांच्या घरी, मंडळात किंवा बचत गटात दुसऱ्याची वस्तू ठेवलेली असते, त्या सगळ्यांना ते उपयोगी पडतील.

आमच्या ह्यांना छोट्या आगगाड्यांचा नाद आहे. खेळण्यातल्या नव्हे बरं का! खऱ्या गाडीच्या मापाबरहुकूम लहान केलेल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हा नाद लागला तर नवल नाही. येडशी, ढोकी, तडवळे या आपल्या गावांवरून बार्शी लाइट रेल्वे धावायची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं उभी केलेली ही अरुंद रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. २००८ पर्यंत हा लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, धाराशिव शहराला नवीन स्टेशन मिळालं आणि ती छोटी गाडी गेली. माझे सासरे तिच्यातून बार्शीच्या बाजाराला जायचे. त्यांच्या गोष्टी ऐकत हे लहानाचे मोठे झाले.

पुढे एकदा पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आम्ही पाहिलं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथून परतताना ह्यांचं ठरलं, की आपण आपली बार्शी लाइट करायची. सत्याऐंशी पटींनी लहान केली की अडीच फुटांचे रूळ साधारण नऊ मिलिमीटरवर येतात, आणि त्या मापाचे रूळ विकत मिळतात. हळूहळू नऊजण जमले. एक खोली भाड्यानं घेतली. मधे टेबलावर रूळ आणि भिंतीला लागून पंधरा कप्प्यांचं लोखंडी कपाट. ज्यानं त्यानं आपापले डबे, इंजिनं, अवजारं त्यात ठेवली. नियम असा एकही नव्हता. "आपल्याआपल्यात कसले आलेत कागद?" असं सगळ्यांचं म्हणणं!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी त्या खोलीत झाडायला गेले. कपाटावर धुळीचा थर होता. खोक्यांवर खळीनं डकवलेल्या जुन्या चिठ्ठ्या अर्ध्या सुटलेल्या, कसर लागलेल्या. मी खोकी ओल्या फडक्यानं पुसली, सुटलेले चिठोरे केरात टाकले आणि सगळं आकाराप्रमाणे रचून ठेवलं. किती छान दिसलं म्हणून सांगू! हेसुद्धा खूश झाले.

गेल्या पावसाळ्यात गटातले सर्वांत वडीलधारे काका वारले. महिन्याभरानं काकू आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "लेकी, ह्यांनी केलेलं इंजिन तेवढं दे गं. नातवाला दाखवीन. मला त्यातलं काही कळत नाही, पण रात्र रात्र जागून कानशीनं घासायचे ते मी बघितलंय. त्याच्या सामानाला मी माझ्या शिवणाचे पैसे दिलेत."

आम्ही कपाट उघडलं. तिथे एकसारखी तीन काळी इंजिनं होती. कुठलं काकांचं? एकजण म्हणे हे, दुसरा म्हणे ते तर माझं. शेवटी एकावर सगळ्यांचं एकमत झालं, तर त्यातली मोटार गटाच्या वर्गणीतून आणलेली निघाली! दोघांची वादावादी झाली. काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. अखेर मोटार काढून नुसता सांगाडा त्यांच्या हातात दिला गेला. काकूंनी तो पदरात घेतला आणि काही न बोलता गेल्या. चिठ्ठ्या मीच टाकल्या होत्या, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. आठ दिवसांनी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी टिकावी असं कुणीच बघितलं नव्हतं ना, मग तुझ्या एकटीची कशी चूक?" पण ते बिनमोटारीचं इंजिन त्यांच्या शोकेसमध्ये दिसलं की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

मग मी ह्यांना बजावलं, की आता नियम कागदावर आलेच पाहिजेत. वही घेऊन बसले. मराठी शिकवणारी बाई मी, कायदा मला कुठला ठाऊक? पण विचारत, वाचत गेले आणि हे नियम झाले.

पहिलं म्हणजे घरमालकाची लेखी संमती. खोलीच भाड्याची असेल, तर तिच्यातला भाग दुसऱ्याला भाड्यानं देणं हे पोटभाडं होऊ शकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि त्यावरून खोली सोडायची पाळी येऊ शकते. चाळीस-पन्नास रुपयांच्या कप्प्यापायी सगळी खोली घालवायची का? त्या खोलीचा करारही लेखी आणि नोंदवलेलाच हवा.

दुसरं, कप्पा देताना "वस्तू ठेवण्याची परवानगी" असं स्पष्ट लिहावं. परवानगी आणि भाडेपट्टा यांत फरक आहे. परवानगीनं जागेवर हक्क येत नाही. कप्प्याला नंबर द्यावा, लांबी-रुंदी-उंची मोजून लिहावी. दारामागे, टेबलाखाली, कपाटाच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही.

तिसरं, भाड्याचा हिशोब सर्वांना दिसेल असा असावा. आमच्या खोलीचं भाडं १,२०० रुपये आणि वीज सुमारे १५० रुपये, म्हणजे १,३५०. त्यातले निम्मे, ६७५, नऊजणांनी ७५ रुपये वर्गणीतून द्यायचे. उरलेले ६७५ पंधरा कप्प्यांवर, म्हणजे कप्प्यामागे ४५ रुपये. ज्याचे दोन कप्पे, त्याचे ९०. पैसे दिले की पावती, मग तो सख्खा भाऊ का असेना!

चौथं, यादी. वस्तूचं नाव, ओळखीची खूण, कुणाच्या पैशानं आणली, आणि फोटो. वस्तू दोघांची असेल तर कुठला भाग कुणाचा तेही लिहावं. यादीवर मालकाची आणि गटातल्या एकाची सही. एक प्रत खोलीत, एक मालकाच्या घरी. चिठ्ठी नुसती खोक्यावर डकवू नये. वस्तूच्या बुडाशीही पक्क्या शाईनं छोटा नंबर घालावा. खोकं बदललं तरी नंबर राहतो.

पाचवं, किल्ल्या दोन. एक मालकाकडे, दुसरी गटाकडे पाकिटात, सीलवर सही करून. निकड पडली तर ती दोघांनी मिळून उघडावी आणि वहीत नोंद करावी.

सहावं, काय ठेवायचं नाही. थिनर, स्पिरिट, रॉकेल आणि फुगलेल्या बॅटऱ्या मुळीच नकोत. गाडी ठेवताना आतले सेल काढावेत. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठीक, पण त्यांच्या वासानं काही प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून इथे नकोत. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याखाली प्लास्टिक वाकडं होतं, म्हणून वरचे कप्पे रिकामे ठेवावेत. आणि खोलीत कूलर लावला की माणसांना गार वाटतं, पण दमटपणानं रूळ गंजतात! वस्तू वर्तमानपत्रात न गुंडाळता जुन्या स्वच्छ मलमलीत गुंडाळाव्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर, म्हणजे वाळवी चटकन दिसते.

सातवं, नुकसान झालं तर कुणी सोसायचं? हे आधीच लिहावं. बँकेच्या लॉकरचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, बँकेच्या हलगर्जीपणानं आग, चोरी वगैरे झाली किंवा तिच्या कर्मचाऱ्यानं फसवणूक केली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. भूकंप, पूर अशा दैवी आपत्तीत मात्र बँक जबाबदार नाही. तुमचा लॉकर असेल तर त्याचा करार एकदा काढून वाचा. आमच्या गटाला शंभर पट कुठली झेपायला! म्हणून आम्ही लिहिलं, की कुलूप आणि स्वच्छता गटाची जबाबदारी, पण मौल्यवान वस्तू ज्यानं त्यानं घरी ठेवावी.

आठवं, भाडं थकलं तर लगेच कुलूप तोडायचं नाही. आधी तोंडी सांगावं, मग पत्र, मग स्पीड पोस्टानं नोटीस. बँकसुद्धा सलग तीन वर्षं भाडं आलं नाही तरच, आणि रीतसर नोटीस देऊन, लॉकर उघडू शकते. वस्तू विकून पैसे वळते करायचे नाहीत.

नववं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते, माणूस गेल्यावर कुणाला कळवायचं त्याचं नाव. ते अर्जातच लिहून घ्यावं. ज्याचं नाव लिहिलं तो मालक होतो असं नाही. वस्तू वारसांचीच. पण निदान कुणाच्या हातात, यादी वाचून, सही घेऊन द्यायची ते ठरलेलं असतं. आमच्याकडे त्यापुढे एक ओळ आहे: निधनानंतर तीन महिने कप्प्याचं भाडं नाही, आणि घरच्यांना दाराशी उभं करायचं नाही, खुर्ची द्यायची.

मैत्रिणींनो, हे सगळं आगगाडीपुरतंच आहे का? महिला मंडळाची पातेली, भजनी मंडळाचे टाळ, नणंदेनं "ठेव गं चार दिवस" म्हणून ठेवलेली ट्रंक, सगळ्यांना हेच लागू. यादी करायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण संकोचानं न लिहिलेली एक ओळ पुढे कुणाला किती जड जाते, तेही मी पाहिलं आहे.

नियमांवर नऊजणांच्या सह्या झाल्या. दहावी सही मी काकूंची घेतली, काकांचा कप्पा आता त्यांच्या नावावर आहे. त्यात त्यांनी काकांच्या कानशी ठेवल्यात. नातू मोठा झाला की बघू, म्हणतात.